दौलताबादचा नगरकोट

देवगिरीचा डोंगर कोणीं पाहिला नाहीं? वेरुळास जाणारा यात्रेकरू वाटेंत उतरतो, अंधारींतून चांचपडत वर चढतो, बारादरींत घटकाभर वारा घेतो आणि परत फिरतो. या दुर्गाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्याचीही वाट बहुधा हीच आहे. कातळाचा तासलेला कडा, त्याभोंवतींचा खंदक आणि भुयारी मार्ग एवढ्या तीन गोष्टींचें वर्णन झालें म्हणजे दौलताबादचें वर्णन झालें, अशी समजूत रूढ आहे. डोंगराच्या पायथ्याशीं पूर्वेस व उत्तरेस पसरलेले जे सपाटीवरील कोट, ज्यांच्या आंत एके काळीं हिंदुस्थानची राजधानी वसविण्याचा प्रयत्न झाला, आणि ज्यांच्यावर या स्थळाचे सर्व मोठे वेढे प्रत्यक्ष लढले गेले, त्यांची वास्तपुस्त करण्यास सहसा कोणी थांबत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीं त्या कोटांचाच विचार करण्याचें योजिलें आहे. डोंगराविषयीं बोलणें भाग पडेल तेवढेंच बोलूं.

हा विषय घेण्यास निमित्त असें झालें कीं, सर्वांत बाहेरचा जो 'अंबरकोट', तो मलिकंबरानें बांधिला काय, असा प्रश्न आमच्या एका सभासद मित्रानें केला. नांवावरून उत्तर सोपें दिसतें. आम्हांसही तें प्रथम सोपेंच वाटलें होतें. पण ग्रंथ आणि दगड शेजारीं ठेवून पाहूं लागल्यावर तें तितकें सोपें राहिलें नाहीं. आणि या उत्तरावर एका तटाचें वयच नव्हे, तर मध्ययुगीन दख्खनी नगराची सबंध कल्पना अवलंबून आहे, असें आमच्या लक्षांत आलें.

प्रथम स्थळ समजून घेऊं. छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचें औरंगाबाद) वायव्येस सुमारें ९ मैलांवर, मैदानांतून एकदम उठलेला असा हा सुटा डोंगर आहे. भोंवतालच्या जमिनीपासून याची उंची सुमारें ६०० फूट भरते. डोंगराच्या खालच्या अंगास कातळ चोहोंकडून उभा तासून काढिलेला असून त्याच्या तळाशीं कातळांतच खोदलेला खंदक आहे. हा झाला बालेकिल्ला. त्याच्या पुढें सपाटीवर एकाबाहेर एक असे तीन कोट आहेत. खंदकालगतचा तो कालाकोट, त्याच्या बाहेरचा महाकोट, आणि त्याच्याही बाहेर, सर्व जुन्या शहरास कवेंत घेणारा, तो अंबरकोट. पैकीं कालाकोट व महाकोट पाहाणाराच्या वाटेवर पडतात. चांदमिनार, यादवकालीन देवळांचे खांब वापरून उभारलेली मोठी मशीद, हत्तीहौद, सरस्वती बावडी, हीं सर्व महाकोटाच्या आंत आहेत. चिनीमहाल, ज्यांत गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानास, अबुल हसन तानाशहास, १६८७ नंतर कैदेंत ठेविलें होतें, तो कालाकोटांत. अंबरकोट मात्र शेतांत व झुडपांत पसरलेला आहे. वेरुळाकडे जाणारी सडक त्याच्या एका दरवाजांतूनच काढलेली असल्यामुळें हजारों लोक रोज त्याच्याखालून जातात, आणि आपण एका राजधानीच्या वेशींतून जात आहों याची जाणीव त्यांतील थोड्यांसच असते.

आतां नांवांकडे वळूं. शहाजहानचा बखरनवीस अब्दुल हमीद लाहोरी यानें 'पादशहानामा' या ग्रंथांत १६३३ च्या वेढ्याचें वर्णन केलें आहे, त्यांत अंबरकोट, महाकोट व कालाकोट हीं तीनही नांवें आढळतात. मलिकंबर १६२६ मध्यें वारला. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या सात वर्षांत शत्रूच्या लष्करांतसुद्धां हें नांव रूढ होऊन बसलें होतें. पुष्कळदा स्थळांचीं नांवें मागाहून लोकांनीं बसविलेलीं असतात व त्यांवरून अनुमान काढणारा फसतो. तसा प्रकार येथें नाहीं. शिवाय हा तट अंबरानें उभारिला असें खुद्द लाहोरीच सांगतो. तो समकालीन आहे, आणि अंबराची थोरवी गाण्यांत त्याचा कांहीं लाभ नव्हता. तेव्हां अंबराचा या तटाशीं संबंध नव्हता असें म्हणणें दुराग्रहाचें होईल.

पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच वजनदार आहे. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें देवगिरीस आपली राजधानी केली व तिला दौलताबाद हें नांव दिलें, हें सर्वश्रुत आहे. या नव्या शहराची हकीकत दमास्कस-काहिरा येथील ग्रंथकार अल्-उमरी यानें प्रवाशांच्या तोंडून ऐकून लिहून ठेविली आहे. तो शहराचें नांव 'कुब्बतुल इस्लाम' असें देतो, आणि सांगतो कीं, हें नगर वर्गवार मोहल्ल्यांत आंखलेलें होतें: सैनिकांचा मोहल्ला निराळा, वजीर व कारकुनांचा निराळा, काजी व विद्वानांचा निराळा, शेख व फकिरांचा निराळा, व्यापारी व कारागिरांचा निराळा, आणि प्रत्येक मोहल्ल्यांत मशिदी, हमामखाने, पिठाच्या गिरण्या व भट्ट्या अशा सोयी होत्या, कीं एका मोहल्ल्याच्या माणसास दुसऱ्याचें तोंड पाहावें लागूं नये. ज्यानें ही हकीकत सांगितली त्यानें शहर सोडलें तेव्हां बांधकाम पुरें झालेलें नव्हतें. एवढ्या बेतानें आंखलेलें नगर, तेंही जिंकलेल्या मुलुखाच्या मध्यभागीं, बिनतटाचें ठेवण्याचा बादशहाचा विचार असेल, हें संभवत नाहीं. याच महंमद तुघलकानें दिल्लीस जुन्या वसाहती एका तटांत घेऊन 'जहानपनाह' उभी केली होती. पसरलेल्या वस्तीस तटाच्या मिठींत घेणें ही त्याची रीतच होती असें म्हटलें तरी चालेल.

त्याहून महत्त्वाची साक्ष इब्न बतूता याची. तो १३४२ च्या सुमारास येथें आला. दौलताबादचे तीन भाग असल्याचें तो लिहितो: सुलतान व त्याचें सैन्य राहातें तें खासें दौलताबाद, दुसरा भाग 'कतका', आणि तिसरा, जिच्या बळकटीस तोड नाहीं अशी 'दुवैगीर' नांवाची गढी. यांतील 'कतका' हें आपलें 'कटक' होय, यांत शंका नसावी. महानुभाव वाङ्मयांत यादवांच्या राजधानीस कटक म्हटलेलें वाचकांस ठाऊक आहेच. दिल्लीकरांनीं नांव बदलून पंधरा वर्षें लोटलीं होतीं, तरी शहराच्या एका भागास लोक जुन्याच नांवानें ओळखत होते, आणि एका मोरोक्कोच्या प्रवाशानें तें अरबींत जसेंच्या तसें टिपून ठेविलें! पोथ्या जमविणारांनीं अशा शब्दावर बोट ठेवून क्षणभर थांबावें. आमच्या विषयापुरता मुद्दा इतकाच कीं, चौदाव्या शतकाच्या मध्यास या नगराचे निरनिराळे भाग परक्या माणसासही स्पष्ट दिसत होते. असे भाग पाडणारी वस्तु तट हीच असूं शकते.

आतां त्याहूनही मागें जाऊं. भिल्लम पांचवा यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस राजधानी केली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत शहर संपन्न झालें. परंतु १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी एकाएकीं येऊन ठेपला तेव्हां काय घडलें? फौज पुत्रासमवेत दूर गेलेली. रामदेवरायानें हाताशीं होते तेवढे लोक घेऊन सामना केला व मागें हटून थेट डोंगर गांठला. शहर उघडें पडलें व लुटलें गेलें. नगरास लढण्याजोगा तट असता तर राजा तटावर उभा राहिला असता. निदान कांहीं दिवस तरी शहर झुंजलें असतें. फेरिस्ता सांगतो कीं, घाईघाईनें गडावर नेलेलीं पोतीं धान्याचीं समजून नेलीं, तीं उघडून पाहातां मिठाचीं निघालीं. फेरिस्ता या प्रसंगानंतर तीनशें वर्षांनीं लिहितो, म्हणून पोत्यांतील मिठाचें माप घेतांना वाचकांनीं सावध असावें. तथापि गड धान्यावांचून पडला हें सर्व वृत्तांतांचें तात्पर्य आहे, आणि तें आम्हांस पुढें उपयोगी पडणार आहे.

या तीन साक्षी एकत्र केल्या म्हणजे आमचें मत असें होतें: १२९६ मध्यें शहरास म्हणण्यासारखा तट नव्हता, १३२७ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत नगरकोटाची मूळ रेषा आंखली व उभारली गेली, बहमनी व निजामशाही अमदानींत तिची डागडुजी होत राहिली, आणि १६१० च्या सुमारास अंबरानें निजामशाहीची गादी या बाजूस आणल्यावर मोंगली तोफांस तोंड देतां यावें म्हणून त्यानें ती रेषा नव्या अंगानें उभी केली. फारसी तवारिखकार 'बांधिला' हा शब्द पायापासून रचलेल्या कामास जसा लावितात तसाच जुन्या पायावर उभारलेल्या कामासही लावितात. मराठी कागदांतही 'कोट बांधिला' याचा अर्थ पुष्कळदा 'कोट दुरुस्त करून नांदता केला' एवढाच असतो. म्हणून अंबराचें नांव खरें, आणि तुघलकाची रेषाही खरी. जे या दोहोंपैकीं एकास खोटें ठरवूं पाहातात त्यांनीं तटाच्या अंगावर हात फिरवून पाहिला नसावा.

तो हात कसा फिरवावा, याविषयीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण ग्रंथ वाचण्याची संवय असलेला मनुष्य दगड वाचतांना गोंधळतो, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. पहिली खूण बुरुजांची. तोफा प्रचारांत येण्यापूर्वींचा बुरूज तिरंदाजासाठीं असे. तो लहान, तटास चिकटलेला व बहुधा तटाइतकाच उंच. दख्खनेंत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तोफा वाढल्या, तशी बुरुजांची पोटें भरून काढण्यांत येऊं लागलीं, त्यांचा घेर वाढला आणि माथ्यावर तोफ फिरविण्याजोगी सपाटी आली. तेव्हां एकाच तटांत लहान व मोठे असे दोन जातींचे बुरूज दिसल्यास ते एका हातचे नव्हेत असें समजावें. दुसरी खूण चर्यांची. जुन्या चर्यांमधील मोकळ्या जागा बुजवून तट वर चढविला व त्यावर नव्या चर्या बसविल्या, म्हणजे जुन्या चर्यांची बाह्यरेषा भिंतीच्या अंगांत उमटून राहाते. उन्हें तिरपीं असतांना, म्हणजे सकाळीं किंवा सायंकाळीं, ती स्पष्ट दिसते. भर दुपारीं शोधणारास कांहीं लाभत नाहीं. तिसरी खूण दगडांची. देवळांचे कोरीव चिरे, खांबांचे तुकडे, छताचे दगड जेथें भिंतींत आडवे-उभे बसविलेले दिसतात तें काम यादवांचें नव्हे, हें उघड आहे. पण तेवढ्यावरून तें तुघलकांचेंच असें मात्र ठरत नाहीं. एकदां पडलेला कोरीव चिरा पांच वेळां निरनिराळ्या भिंतींत बसूं शकतो.

आमच्या आधीं या सपाटीवरील शहराकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहाणारांत म. श्री. माटे व टी. व्ही. पाथी यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांनीं महाकोटाच्या आंत उत्खनन करून मध्ययुगीन नगराचे रस्ते, घरें व पाणीपुरवठ्याच्या सोयी उजेडांत आणिल्या, व त्याचा वृत्तांत १९९२ मध्यें प्रसिद्ध झाला. मध्ययुगांतील शहर हा आपल्याकडे उत्खननाचा विषय होऊं शकतो, हें त्यांनीं कृतीनें दाखवून दिलें. त्यांच्यापूर्वीं बहुतेक विद्वान चांदमिनारापाशीं थांबत. मिनार हा उंच असल्यामुळें त्याच्या पायथ्याशीं काय आहे हें दिसत नाहीं.

आतां वेढ्याकडे येऊं. तट हा काय कामाचा होता हें तो पडतांनाच कळतें, आणि १६३३ चा वेढा हें या तटाचें सर्वांत विश्वसनीय वर्णन आहे असें आम्ही समजतों. अंबराचा मुलगा फत्तेखान आंत होता. मोंगलांचा सेनापति महाबतखान, ज्यास खानखानान ही पदवी होती, तो बाहेर. फत्तेखान आधीं मोंगलांशीं बोलणें लावून बसला होता, पण विजापूरकरांनीं त्यास फिरविलें. आणि विजापूरचें सैन्य रणदुल्लाखान, मुरार जगदेव व शहाजी राजे यांच्यासह बाहेरून वेढ्यावर छापे घालूं लागलें. लाहोरीच्या हकीकतींत हे छापे पानोपानीं येतात. मोंगलांची रसद मारावी, आणि जमल्यास आंत धान्य पोंचवावें, हाच त्यांचा उद्देश. तटांच्या भाषेंत बोलावयाचें तर वेढा दुहेरी होता: मोंगल कोटाभोंवतीं, व विजापूरकर मोंगलांभोंवतीं.

महाबतखानानें डोंगराकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. त्यानें मोर्चे लाविले ते अंबरकोटास. सुरुंग तटापर्यंत नेऊन त्यांत ७० मण दारू भरली, व तो उडविला तेव्हां तटाचा २८ गज व बुरुजाचा १२ गज एवढा भाग उडून गेला, असें लाहोरी सांगतो. अंबरकोट असा हातचा गेला. मग महाकोटाची पाळी आली. येथें लाहोरीनें वापरलेल्या एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. महाकोटाच्या 'शेरहाजी'स सुरुंग लाविला असें तो लिहितो. हें कोणा इसमाचें किंवा बुरुजाचें नांव समजून कांहीं भाषांतरकारांनीं तें तसेंच ठेविलें आहे. वस्तुतः मुख्य तटाच्या पुढें, त्याच्यापेक्षां ठेंगणा, असा जो दुसरा तट दख्खनी किल्ल्यांस असतो त्याचें तें नांव. आपल्या मराठी कागदांतील 'रेवणी' ती हीच. शत्रूचा गोळा मुख्य तटाच्या पायास लागूं नये, आणि खंदक ओलांडून आलेल्या शत्रूस दोन तटांच्या मधल्या अरुंद पट्टींत कोंडून वरून मारतां यावें, हें रेवणीचें काम. महाकोटाची रेवणी आजही बऱ्याच ठिकाणीं उभी आहे, आणि तिच्यावरून चालत गेल्यास लाहोरीचीं तीं पानें जितकीं स्पष्ट होतात तितकीं कोणत्याही टीपेनें होणार नाहींत.

रेवणीखालीं सुरुंग तयार झाल्याचें कळतांच फत्तेखान गडबडला. विजापूरकरांच्या संमतीवांचून आपणांस तह करतां येत नाहीं, सबब मुदत द्यावी, अशी त्यानें विनंति केली. महाबतखानानें ती मानली नाहीं. सुरुंग उडविला, एक बुरूज व तटाचा कांहीं भाग पडला. आंत अन्न उरलें नव्हतें. अखेर जून १६३३ मध्यें साडेदहा लक्ष रुपये घेऊन फत्तेखान खालीं उतरला, आणि निजामशहा म्हणविणारा अल्पवयी हुसेन मोंगलांच्या कैदेंत ग्वाल्हेरीस गेला. शहाजी राजांनीं पुढें पेमगिरीस दुसरा निजामशहा गादीवर बसविला, ती कथा निराळी.

या हकीकतींत काय नाहीं तें पाहावें. कालाकोटास भगदाड पडल्याचें नाहीं. खंदक ओलांडल्याचें नाहीं. अंधारींत कोणी शिरल्याचें नाहीं. ज्या कड्यावर साप किंवा मुंगीही चढूं शकणार नाहीं असें लाहोरी लिहितो, ज्याचा घेर तो ५,००० गज व उंची १४० गज देतो, ज्याच्या पायथ्याशीं ४० गज रुंद व ३० गज खोल असा कातळांतला खंदक असल्याचें सांगतो, त्या कड्याची कोणी परीक्षाच घेतली नाहीं. १२९६ मध्येंही घेतली नव्हती. दोन्ही वेळां शहर गेलें, शहराबरोबर धान्य गेलें, आणि धान्यावांचून डोंगर आपोआप खालीं आला. म्हणून आम्ही म्हणतों कीं, दौलताबादचें खरें बळ नगरकोटांत होतें. डोंगर ही पेटी खरी, पण तिची किल्ली खालीं सपाटीवर होती. अंबरासारख्या अनुभवी पुरुषानें आपला पैसा व मेहनत डोंगरावर न घालतां सर्वांत बाहेरच्या तटावर घातली, याचा अर्थ त्यास हें पक्कें कळलें होतें.

कोटांच्या दरवाजांविषयीं थोडें लिहून डोंगराकडे एक दृष्टि टाकूं. महाकोटाचा दरवाजा समोरून थेट आंत नेत नाहीं. एका दरवाजांतून शिरलें म्हणजे उंच भिंतींनीं वेढलेला चौक लागतो. पुढील दरवाजा डाव्या-उजव्या बाजूस वळून असतो. तेथून पुन्हा चौक. हत्तीस धांव घेण्यास जागा मिळूं नये व शत्रूचा जमाव एका चौकांत सांपडला असतां चोहोंकडून वरून मारतां यावा, अशी ही रचना. दरवाजाच्या लांकडी फळ्यांस लांब लोखंडी खिळे ठोकलेले आहेत, ते हत्तीनें डोकें लावूं नये म्हणून. बाहेरच्या मोकळ्या जागेवर मारा करणाऱ्या जंग्या व तोफांचीं तोंडें कोठें आहेत हें आंत शिरतांना ध्यानांत येत नाहीं. परततांना एकदम ध्यानांत येतें. बांधणाराचा हेतूही हाच होता.

कालाकोटांतून बाहेर पडल्यावर खंदकाच्या अलीकडच्या बुरुजावर 'मेंढा' तोफ आहे. तिच्या मागील टोंकास मेंढ्याचें तोंड घडविलें आहे म्हणून हें नांव. फारसी लेखांत तिचें नांव 'किलाशिकन', म्हणजे किल्ले फोडणारी, असें असून औरंगजेबाचें नांव व पदव्या कोरलेल्या आहेत. म्हणजे ही तोफ १६३३ च्या वेढ्यांतील नव्हे, हें उघड असतां तिच्यापाशीं उभे राहून त्या वेढ्याच्या गोष्टी सांगणारे आढळतात. डोंगराच्या माथ्याजवळील तोफेविषयीं फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये एक मौजेची हकीकत देतो. मोंगलांच्या चाकरींतील एक डच गोलंदाज बरींच वर्षें घरीं जाण्याची परवानगी मागत होता, पण मिळत नव्हती. शेवटीं या डोंगराच्या उंच भागावर तोफ चढवून दिल्यास सोडूं असें वचन मिळालें. त्यानें युक्ति करून ती चढविली, आणि तो सुटला. सुरतेस जहाजावर चढतांना आपण त्यास पाहिलें असें टॅव्हर्निये म्हणतो. गोष्ट खरी असो वा वाढविलेली, अवजड वस्तु त्या वाटेनें वर नेणें किती दुर्घट मानलें जात होतें हें तीवरून कळतें.

वाटेचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगतों. इब्न बतूता लिहितो कीं, गढीवर कातड्याच्या शिडीनें चढावें लागतें व रात्रीं ती शिडी वर ओढून घेतात. लाहोरीच्या वेळीं मात्र कातळाच्या पोटांतून मिनाराच्या जिन्याप्रमाणें फिरत जाणारा, दिवसाही दिव्यावांचून न दिसणारा मार्ग वापरांत होता; त्याच्या खालच्या तोंडास लोखंडी दार होतें, आणि प्रसंगीं मार्गाच्या मध्यभागीं मोठी लोखंडी शेगडी ठेवून विस्तव पेटविला म्हणजे धगीमुळें कोणी पुढें येऊं शकत नसे. या दोन साक्षींच्या मधल्या तीनशें वर्षांत मार्ग पुरा झाला असावा असें आम्हांस वाटतें. कातळांतील कांहीं दालनें त्याहून जुनीं असण्यास प्रत्यवाय नाहीं. वेरूळ जवळच आहे, व कातळ पोखरण्याची विद्या या मुलुखांत नवी नव्हती. परंतु दालनें जुनीं म्हणून वाटही जुनी, हा न्याय बरोबर नव्हे. बारादरीच्या वर, माथ्याजवळ, निजामशाहींतील किल्लेदार व एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी यांची गुहा दाखवितात. १५७५ मध्यें ते समाधिस्थ झाले. एकनाथ गुरुसेवेंत असतां हिशेबाची एक पै शोधीत रात्रभर बसले ती कथा ज्या गडाची, तो हाच.

मराठ्यांचा या कोटाशीं संबंध एवढ्यानें संपत नाहीं. १६२९ मध्यें सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील, यांस निजामशहानें दरबारांत बोलावून पुत्रांसह ठार मारविलें, तें येथेंच. पुढें १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर झालेल्या तहांत हा किल्ला पेशव्यांस मिळाला. तो फार काळ हातीं राहिला नाहीं. १७९५ मध्यें खर्ड्याच्या तहांतही दौलताबादचें नांव पुन्हा आलें, पण नाना फडणिसांनीं दुसऱ्याच वर्षीं महाडास निजामाशीं केलेल्या करारानें तें लिहिणें निष्फळ झालें.

याच जागीं संग्राहकांस आमचें एक मागणें आहे. किल्ला हातीं येतांच मराठे सरकार तेथें हवालदार, सबनीस, कारखाननीस नेमी. दारूगोळ्याची व धान्याची झाडती घेई. पडलेल्या तटांची पाहणी करून चुना, वाळू, पाथरवट व बेलदार यांचा खर्च मांडी. असे कागद नीरस दिसतात. बखरींच्या व वंशावळींच्या रुमालांत ते गुंडाळण्यापुरतेही ठेवीत नाहींत. परंतु 'अमुक दरवाजापासून अमुक बुरुजापर्यंत तट इतके हात पडला आहे' अशी एक ओळ सांपडली तर अठराव्या शतकांत कोणते दरवाजे व बुरूज कोणत्या नांवानें ओळखले जात होते हें कळेल, आणि लाहोरीच्या वेढ्यांतील भगदाड जमिनीवर नेमकें कोठें होतें हें ठरविण्यास पहिला आधार मिळेल. अंबरकोटाचे दगड शेतांच्या बांधांत व घरांच्या जोत्यांत जात राहिले आहेत. कागद त्याहून लवकर जातात. गोदाकांठच्या व बालाघाटाच्या जुन्या घराण्यांत देशमुख, देशपांडे, किल्ल्यावरील चाकरमाने यांचीं दप्तरें ज्यांस पाहावयास मिळतील त्यांनीं तटाच्या दुरुस्तीचे हिशेब, झाडत्या व मोजणीच्या यादी वेगळ्या काढाव्या, मूळ कागद मालकापाशींच राहूं द्यावा, आणि बुरुजांचीं नांवें जशीं लिहिलीं असतील तशींच, शुद्ध न करितां, नक्कल करून आम्हांकडे धाडावीं.